पुढचं नवं, मागचं जुनं

ॲथलोन, केप टाउन
६ जुलै १९९७

इगसान, सलाम.

फोन न करता लिहितेय, कारण फोनवर तू नुसतं "हो टीटी, हो टीटी" करतोस आणि ठेवला की विसरतोस. थोरल्या बहिणीला टीटी म्हणायचं आणि तिचं एक अक्षर ऐकायचं नाही, हे तुला लहानपणापासून छान जमतं. कागद निदान समोर तरी राहतो.

तोयेरला जाऊन वर्ष झालं. त्याची लाल हॅचबॅक अंगणात उभी आहे आणि रोज संध्याकाळी तिच्याभोवती गल्लीतले पुरुष. मला किळस आली आहे यांची. हातात माझाच समोसा, तेलकट बोटं माझ्या नवऱ्याच्या बॉनेटवर, आणि तोंडाने सल्ले. तो जिवंत असताना रियाझ सोडला तर यातल्या एकानेही कधी पाना धरला नाही. आता म्हणतात, "फदीला, विकून टाक. बाईमाणसाला कशाला एवढी तेज गाडी?" काल रियाझच्या मेव्हण्याने तर आत बसून पाहिलं आणि सीटवर चटणी सांडून गेला. मी फिनाइलने पुसली. वास अजून जात नाही, चटणीचाही आणि त्याच्या सेंटचाही.

गाडी विकायची नाही. नाझली चालवणार आहे. २८ सप्टेंबरला क्लबची घाटातली शर्यत आहे. एकेक गाडी वर सोडतात, घड्याळ लावून. तिचा बाप दरवर्षी त्यात उतरायचा आणि दरवर्षी निकालात मधेच कुठेतरी यायचा. त्या दरीला कठडा नाही, तुला माहीत आहे. मी नाही म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "मम्मी, डॅडींनी मला याच घाटात शिकवलं. मी दुसऱ्या कुठल्या गाडीने चढू?" दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांची घाण तोंडं उघडून उभी राहणारी पोर, ती माझ्या तोंडाला काय भिणार.

तिला काय शिकवलंय ते तुला ठाऊक आहे. या गाडीचं सगळंच पुढे. इंजिन पुढे, ओढायचं पुढच्या चाकांनी, वळवायचंही त्यांनीच. वळणात जोरात घातली की नाक बाहेरच्या बाजूला पळतं. मग ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. वजन पुढे येतं, चाकं जमीन धरतात, नाक परत आत. तोयेर म्हणायचा, ही गाडी आधी सांगते आणि मग चुकते. नाझलीच्या पायाला ते इतकं बसलंय की डोक्याला विचारावंच लागत नाही.

आता गल्लीतल्या शहाण्यांचं म्हणणं, पुढचं सस्पेन्शन बदला. तुझा धंदाच तो. खरं काय ते सांग. माझी एकच मुलगी आहे आणि ती त्या घाटात जाणार आहे. ती धड परत यावी, एवढंच मला हवंय.

फदीला


युटेनहेग
१८ जुलै

लाडक्या टीटीला सलाम.

तुझ्या पत्राने मला रडू आलं, आणि समोशाचं वाचून भूक लागली. या गावात समोसा मागितला तर पुठ्ठ्यात गुंडाळलेला बटाटा देतात. मी शमीलाला म्हटलं, टीटीसारखे कर. ती म्हणाली, टीटीकडेच जाऊन राहा.

गल्लीतल्या रेड्यांचं ऐकू नकोस, माझं ऐक. पण या एका बाबतीत रेडे बरोबर आहेत. तोयेरच्या गाडीचं नाक बाहेर का पळतं? पुढच्या स्प्रिंगा मऊ. वळणात गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, तिच्याबरोबर चाक झुकतं, आणि टायर आपल्या कडेवर उभा राहतो. चपलेच्या काठावर चाललं तर पाय घसरणारच. मी पाठवतोय त्या पिवळ्या कडक स्प्रिंगा, त्यांच्या जोडीचे शॉकॲब्सॉर्बर, आणि वरच्या बैठका अशा की चाक आधीच जरा आत कललेलं ठेवता येतं. मग वळणात टायर अख्खा टेकतो. स्टिअरिंग फिरवायचा अवकाश, नाक तिथे हजर. नाझलीला वाटेल दुसरीच गाडी चालवतेय.

संच चारही चाकांचा आहे. पुढचं सामान आज बसने रवाना केलं. मागचं त्या पेटीत मावलं नाही, पुढच्या आठवड्यात पाठवतो. तोयेरच्या नावाने ही माझी भेट समज.

आणि हो, झियादचा मॅट्रिक बॉल १५ ऑगस्टला! माझं पोरगं शाळा संपवतंय, टीटी. शाळेच्या निरोपाच्या नाचाला हॉलच्या दारात गाडीतून कसं उतरायचं याचा सराव चाललाय. अख्खी वस्ती बघायला येणार. त्याला माझी पांढरी देतोय, तुमच्या लालची जुळी. मी आणि तोयेर एकाच आठवड्यात घेऊन आलो होतो आणि तू दोघांनाही वेडे म्हणाली होतीस.

तुझा इगसान


ॲथलोन
१० ऑगस्ट

इगसान, सलाम.

पेटी पोचली. रियाझने सामान बसवलं. तोयेरबरोबर गॅरेजात होता तो. गल्लीत एवढा एकच पुरुष काम करतो आणि खात नाही.

पहिल्या दिवशी नाझली चक्कर मारून आली ती नाचतच. "मम्मी, सुईत दोरा जावा तसं नाक जातं! मामाच्या हाताचा मुका घ्यायला हवा." मलाही बरं वाटलं. वाटलं, चला, याने आयुष्यात एक काम तरी धड केलं.

आज सकाळी मी तिच्या शेजारी बसून घाटात गेले. पहिली वळणं खरोखर लोण्यासारखी. नाक कुठेही पळालं नाही. मग एका वळणात समोर ट्रक आला आणि तिच्या पायाने सवयीने जे करायचं ते केलं, सुटला ॲक्सिलरेटरवरून. आणि इगसान, माझ्या बुडाखालची सीट आडवी गेली. पाठीमागून कुणी चटई ओढावी तशी. गाडीचं ढुंगण दरीकडे आणि तोंड डोंगराकडे. पोरीने सावरलं कसंबसं. मी खाली उतरले आणि रस्त्याच्या कडेला ओकले. रविवारचे गरम कूसिस्टर, पाकासकट. तुझ्या भेटीचं असं स्वागत झालं.

रियाझ म्हणतो, असंच होणार. आधी नाक सुटायचं, त्यामुळे शेपटावर पाळीच येत नव्हती. आता नाकाची पकड सुटतच नाही, म्हणून ते आधी काही सांगतही नाही. पाय काढला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, आणि मागे अजून तेच जुने दमलेले शॉकॲब्सॉर्बर. ते चाक जमिनीवर धरून ठेवत नाहीत. म्हणजे तिच्या बापाने जे तिला जीव वाचवायला शिकवलं, तेच आता तिला दरीत घालणार. संच चारही चाकांचा असतो तो काय शोभेला नसतो, म्हणाला.

मागची पेटी कुठे आहे? तुझा पुढचा आठवडा किती लांब असतो?

फदीला


युटेनहेग
२१ ऑगस्ट

टीटी, सलाम.

तू गाडीत बसून ओकलीस हे वाचून वाईट वाटलं, पण लहानपणी तू बसमध्येही ओकायचीस, ते सगळं सस्पेन्शनवर ढकलू नकोस.

मागच्या सामानाचं असं झालंय की जोहान्सबर्गहून मालच आला नाही. मी रोज फोन करतो, ते रोज उद्या म्हणतात. या धंद्यात सगळे चोर, एकटा मीच सरळ, म्हणून तर असा राहिलो. आणि रियाझचं एवढं मनावर घेऊ नकोस. असल्या गाडीत नव्वद टक्के काम पुढची चाकंच करतात, मागची नुसती मागोमाग येतात.

मॅट्रिक बॉलची गंमत सांगायलाच हवी. हॉलच्या दारात लाल गालिचा, धुराचं यंत्र, सोन्याच्या रंगाची दोन सिंहासनं. धुरातून पांढरी गाडी हळूहळू पुढे आली आणि बायका किंचाळल्या. झियाद पांढऱ्या सुटात उतरला. शेजारी एक जिराफाएवढी पोरगी. मी बाजूला उभा राहून रडलो. शमीला फोटो पाठवेल.

इगसान

ता. क. नाझलीला एवढं सांग की वळणाच्या मध्यात पाय काढायचा नाही. बस, बाकी काही नाही.


ॲथलोन
७ सप्टेंबर

इगसान,

आज सलाम नाही.

शमीलाने फोटो पाठवले. भली बाई आहे, तिला काय माहीत ती काय पाठवतेय. धूर बघितला. सिंहासनं बघितली. पोराचा चुन्याच्या निवळीत बुडवल्यासारखा सूटही बघितला. आणि गाडी बघितली. पुढून नेहमीसारखी, मागून जमिनीला टेकलेली, कुत्रं रस्त्यात बसतं तशी. मागच्या चाकाच्या कमानीतून काय दिसतंय ते बघायला मी चष्मा पुसला. पिवळी स्प्रिंग. माझ्या अंगणात पुढच्या चाकाला आहे तीच.

जुलैत तू लिहिलंस, मागचं पेटीत मावलं नाही. ऑगस्टमध्ये लिहिलंस, मालच आला नाही. अरे, खोटं बोलायचं तर आधीचं खोटं तरी लक्षात ठेव! चोवीस वर्षं मी तोयेरच्या संसारात काढली. माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मसाल्याच्या डब्यांपेक्षा नटबोल्ट जास्त होते. मला तू फोटोत फसवणार?

मला राग नाही आला. राग माणसावर येतो. मला शिसारी आली, पायाखाली गोगलगाय चिरडल्यावर येते तशी. मेलेल्या मेहुण्याच्या नावाने भेट द्यायची, त्यातली अर्धी काढून घ्यायची, ती पोराच्या एका संध्याकाळच्या मिरवणुकीत लावायची, आणि भाची मात्र उरलेली अर्धी घेऊन घाट चढू दे! वर ता. क. म्हणे, पाय काढू नकोस! बापाने सहा वर्षं हाताला धरून जे तिच्या पायात भरलं, ते मी एका ओळीने काढून टाकू? तुला धोका माहीत होता. माहीत नसता तर ती ओळ लिहिलीच नसतीस. आणि लिहिलीस कुठे, तर सहीच्या खाली, जिराफाएवढ्या पोरीनंतर.

त्या स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर काढ आणि पाठव. फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला की मी ठेवून देणार आहे.

फदीला


युटेनहेग
१४ सप्टेंबर

टीटी,

तू लिहिलंस ते सगळं मी वाचलं. दोनदा. शमीलाला दाखवलं नाही.

एका संध्याकाळपुरतंच घेतलं होतं गं. दुसऱ्या दिवशी काढून पाठवणार होतो, शपथ. पण झियादच्या मित्राची गाडी आमच्यापेक्षा खाली बसत होती. आदल्या दिवशी पोराचं तोंड एवढंसं झालं. म्हणाला, "डॅडी, तुम्ही सस्पेन्शनवाले ना? मग आपलीच गाडी उंच कशी?" मला ते बघवलं नाही. मी मागच्या स्प्रिंगांचे दोन-दोन वेढे कापले.

आता त्या कुणाच्याच उपयोगाच्या नाहीत. पाठवल्या तरी रियाझ माझ्या नावाने थुंकेल. दुसरा संच मिळवायला डिसेंबर उजाडेल. तेव्हा एक ऐक, पुढचं सगळं काढ आणि तोयेरचं जुनं होतं तसं बसव. जुन्यावर ती हळू जाईल, पण गाडी तिला आधी सांगेल. नव्यावर तिला जाऊ देऊ नकोस. धंद्यातला माणूस म्हणून सांगतोय, भाऊ म्हणून सांगायचं तोंड मला उरलेलं नाही.

मी वाईट नाही, टीटी. दिवसभर लोकांच्या गाड्यांखाली पडलेला असतो, घरी कुणी विचारत नाही जेवलास का. त्या रात्री पहिल्यांदा पोराने सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात टाकला. तो आता गाडी तशीच वापरतो, रोज शाळेत नेतो. पोरं वळून बघतात म्हणे.

इगसान


ॲथलोन
१८ सप्टेंबर

इगसान,

तुझं पत्र घेऊन मी अंगणात गेले आणि रियाझला वाचून दाखवलं. पुढचं काढायचं आम्ही आधीच ठरवलं होतं, तुझ्या सांगण्याची वाट बघत बसलो नव्हतो. नाझली रडली, मग स्वतःच हात काळे करून त्याच्याबरोबर गाडीखाली शिरली. शेवटी शेवटी मी वाचलं, "रोज शाळेत नेतो", आणि रियाझ गाडीखालून बाहेर आला. म्हणाला, "टीटी, ते परत वाचा."

बैला, तुझं डोकं कुठे आहे? माझ्या गाडीत पुढचं नवं आणि मागचं जुनं झालं म्हणून तू मला पत्रं लिहितोस, आणि तुझ्या पोराच्या बुडाखाली काय आहे? त्याचं नाक मऊ, शेपूट लाकडासारखं. त्यात कापलेली स्प्रिंग. एवढासा खड्डा आला की ती तळाला ठोकणार, आणि ठोकली की चाकाला जमिनीची पकड उरणार नाही. ओल्या रस्त्यावर तर विचारायलाच नको. तू आमचा संच मधोमध फाडलास आणि दोन्ही घरांत एकेक धोंड ठेवलीस. माझ्या पोरीला मी सावध केलं. तुझ्या पोराला कोण करणार? तू? तू तर खांद्यावरच्या हातात खूश आहेस.

तोयेरने मागच्या जुन्या स्प्रिंगांची एक जादा जोडी ठेवली होती, न्हाणीघराच्या फळीवर, जुन्या पडद्यात गुंडाळून. जुळ्या गाड्या, तुझ्या गाडीलाही त्याच बसतील. दमलेल्या नाहीत. आजच्या बसने पाठवतेय. पेटी मी स्वतः बांधली आहे. ती आली की हातातलं टाकून आधी ते काम कर. गाडी पुन्हा उंच होईल, पोरं हसतील, झियाद तुझ्याशी बोलणार नाही. न बोलू दे.

तुझ्यासाठी यातलं काहीही करत नाहीये. तुझी मला अजून तितकीच घाण वाटते.

फदीला


युटेनहेग
५ ऑक्टोबर

टीटी,

अपघाताचं शमीलाने तुला फोनवर सांगितलंच आहे. शुक्रवारी दुपारी, पुलाअलीकडच्या वळणावर, पाऊस पडत होता. गाडी मागून फिरली आणि उलटी जाऊन भिंतीवर आपटली. झियाद शुद्धीवर आहे. डावा पाय राहील की जाईल ते डॉक्टर अजून सांगत नाहीत. एवढं तुला माहीत आहे.

शमीलाला माहीत नाही ते लिहितो. कुणाला तरी लिहिल्याशिवाय मला श्वास घेता येत नाहीये.

तुझी पेटी अपघाताच्या कितीतरी आधी आली होती. मी ती गॅरेजात ठेवली, दाराशीच. म्हटलं शनिवारी बसवू. शनिवारी रग्बीची मॅच होती, पाहुणे आले. म्हटलं पुढच्या शनिवारी. झियादला मी काही बोललोच नाही. बोललो असतो तर त्याने विचारलं असतं की एवढं वाईट होतं तर तुम्ही लावलं कशाला. ते उत्तर मला द्यायचं नव्हतं.

पेटी वाटेत होती. रोज सकाळी गाडी बाहेर काढताना तो ती पायाने बाजूला सरकवायचा. एकदा मला म्हणाला, "डॅडी, हे काय सामान आहे, फेकू का?" मी म्हटलं, राहू दे, टीटीने काहीतरी पाठवलंय.

ती अजून तिथेच आहे. दोरीही सोडलेली नाही. तुझी ती दुहेरी गाठ तशीच आहे. हॉस्पिटलातून येऊन मी रोज तिच्यासमोर बसतो आणि स्वतःवर थुंकावंसं वाटतं. थुंकतोही.

काय करू सांग.

इगसान


ॲथलोन
९ ऑक्टोबर

इगसान,

शनिवारी सकाळी निघतोय. नाझली चालवणार. मी म्हटलं बसने जाऊ, ती म्हणाली, याच गाडीने. घाटातल्या शर्यतीत ती मधेच कुठेतरी आली, बापासारखी. प्रत्येक वळणात नाक बाहेर पळालं, प्रत्येक वेळी तिने पाय काढला आणि ते परत आत आलं. खाली उतरल्यावर मी तिला चापट मारली आणि मग मिठी मारली. तशीच सावकाश येऊ. वाटेत एक मुक्काम करू.

तुझं पत्र मी शमीलाला दाखवणार नाही. ही दया समजू नकोस. दाखवलं तर ती तुला घराबाहेर काढेल, आणि मग झियादला उचलायला, बसवायला, पुसायला तिच्याजवळ कुणी उरणार नाही. ते तू करायचंस. त्याचं भांडं तू धुवायचंस, रोज. त्याने विचारलं की उत्तरही तूच द्यायचंस, मी येण्याआधी दिलंस तर बरं.

माझ्यासाठी खोली लावू नका. मी पोराजवळ बसेन. कूसिस्टर डब्यात भरून आणतेय, त्याला आवडतात. तुला विचारणार नाही.

तुझ्याबद्दलची शिसारी गेलेली नाही. जाईलसं वाटत नाही. पण तू विचारलंस काय करू, म्हणून सांगते. पेटी हलवू नकोस. दोरीला हात लावू नकोस. घरात पाऊल टाकायच्या आधी मला ती बघायची आहे, आणि मी बघत असताना तू माझ्या शेजारी उभा राहायचंस.

टीटी